मोकळ्या आकाशातले पाच मैल

१९७२ च्या मे महिन्यात टेक्सासमधल्या डॅलस आणि फोर्ट वर्थ या शहरांच्या मधोमध असलेला ग्रेटर साउथवेस्ट विमानतळ जवळपास ओस पडला होता. विमान कंपन्यांनी आपला मुक्काम डॅलसच्या लव्ह फील्डवर हलवला होता आणि शेजारीच नव्या अवाढव्य विमानतळाचं बांधकाम सुरू होतं. रिकामी धावपट्टी वैमानिकांच्या सरावाला फार सोयीची, म्हणून कंपन्या आपली विमानं तिथे घेऊन यायच्या. ३० मेच्या सकाळी अशीच दोन विमानं तिथे घिरट्या घालत होती. एक अमेरिकन एअरलाइन्सचं डीसी-१०. तीन इंजिनांचं, रुंद पोटाचं हे विमान सेवेत येऊन अजून वर्षही झालं नव्हतं. दुसरं डेल्टा एअरलाइन्सचं डीसी-९, त्याच्यापुढे अगदीच चिमुकलं. डीसी-१० धावपट्टीला चाकं टेकवायचं आणि न थांबता पुन्हा वर जायचं. या सरावाला ‘टच अँड गो’ म्हणतात. डेल्टाच्या विमानात प्रवासी नव्हते. तीन वैमानिक आणि अमेरिकेच्या नागरी विमानवाहतूक खात्याचा, म्हणजे एफएएचा, एक तपासनीस असे चौघे होते. सकाळचे सात वाजून गेले होते आणि पुढचं विमान डोळ्यांना नीट दिसत होतं. त्याच्या मागून १३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरायची परवानगी देताना टॉवरमधल्या नियंत्रकाने रीतीप्रमाणे सावधही केलं होतं, की हवा खवळलेली असेल, जपा.

डीसी-१० पुढे गेल्यावर एक मिनिटही झालं नव्हतं, तेवढ्यात डीसी-९ त्याच वाटेने खाली आलं. जमीन अगदी जवळ आली असताना ते आधी नुसतं डगमगलं. मग उजवीकडे कलू लागलं ते कलतच गेलं. पंख जवळजवळ उभा झाला, त्याचं टोक काँक्रीटला घासलं, विमान उलटलं आणि पेटलं. चौघांपैकी कुणीही वाचलं नाही.

विमानात बिघाड नव्हता आणि वैमानिक नवखे नव्हते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, शोधलेलं कारण डोळ्यांना न दिसणारं होतं: डीसी-१०च्या पंखांमागे उरलेला हवेचा भोवरा. पण अहवाल तेवढ्यावर थांबला नाही. वैमानिकांना ‘जपा’ असं सांगितलं होतं, पण भोवरा नेमका कुठे असेल आणि किती जोराचा असेल हे ताडायला लागणारी माहिती त्यांच्याकडे नव्हती, असं मंडळाने नोंदवलं. त्याहून बोचरी नोंद पुढे होती. जड विमानाच्या मागे पाच सागरी मैलांचं अंतर ठेवायचा नियम अमेरिकेत दोन वर्षांपूर्वीच झाला होता. मात्र तो रडारवर मार्गदर्शन घेत येणाऱ्या विमानांसाठी होता. बाहेर पाहत, स्वतःच्या नजरेच्या भरवशावर उतरणाऱ्याला त्याचं संरक्षण नव्हतं. हवा धुकट असती तर डीसी-९ पाच मैल मागे राहिलं असतं. या अंतराचा पुढचा सगळा इतिहास वाचताना हा उलटा न्याय पुन्हापुन्हा आडवा येतो.

या भोवऱ्याचं शास्त्र विमानांइतकंच जुनं आहे. पंखाच्या खालच्या बाजूला हवेचा दाब जास्त आणि वरच्या बाजूला कमी असतो, म्हणून विमान तरंगतं. पण पंखाच्या टोकाशी खालची हवा वळसा घालून वर धावते आणि मागे दोन भोवरे सुटतात, दोन्ही टोकांना एकेक, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे. ब्रिटनमध्ये मोटारी बनवणाऱ्या फ्रेडरिक लँचेस्टर या अवलिया इंजिनिअरने १९०७ मध्येच याचं वर्णन छापलं होतं. पुढे जर्मनीत ग्योटिंगेनच्या लुडविग प्रांटल यांनी त्याला गणिताची भक्कम बैठक दिली. विमान जितकं जड, संथ आणि आखूड पंखांचं, तितका भोवरा जोरकस. म्हणजे धोका सर्वांत मोठा कधी? विमान उतरताना आणि उडताना, सगळी विमानं एकाच अरुंद वाटेवर रांगेत असतात तेव्हा.

गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या लाँचमागे पाण्यावर जो माग राहतो तसाच हा हवेतला माग, फरक इतकाच की पाण्यावरचा दिसतो आणि जागच्या जागी विरतो. हवेतला मिनिटाला तीनशे ते पाचशे फूट अशा बेताच्या गतीने खाली बसत जातो. जमिनीजवळ आला की दोन्ही भोवरे एकमेकांपासून दूर, बाजूंना सरकू लागतात. आणि इथे एक विचित्र गोष्ट घडते. वारा सोसाट्याचा असेल तर भोवरे मोडतात, उडून जातात. पण आडवी हलकीशी झुळूक असेल, तर तिच्यामुळे एका बाजूचा भोवरा बाहेर सरकण्याऐवजी धावपट्टीवरच अडकून राहतो. वैमानिकाला सुखाची वाटणारी शांत हवा या बाबतीत सर्वांत वाईट.

हे सगळं पुस्तकात असूनही विमानतळावर बराच काळ समजूत निराळी होती. पुढच्या विमानामागे धक्का बसला तर तो त्याच्या पंख्याने फेकलेल्या हवेचा, असं वैमानिक म्हणायचे. प्रोपेलरच्या छोट्या विमानांच्या काळात ही समजूत कुणाला फार महागात पडली नाही. जेटयुगात ती पडू लागली. त्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग लष्करी होता. ८ जून १९६६ रोजी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटावर एक्सबी-७० या प्रचंड बॉम्बफेकी विमानाभोवती चार छोटी विमानं घेऊन इंजिन कंपनीच्या जाहिरातीसाठी फोटो काढले जात होते. त्यातल्या एफ-१०४ मध्ये होते जो वॉकर, एक्स-१५ मधून अवकाशाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आलेले कसलेले वैमानिक. त्यांचं विमान मोठ्या विमानाच्या पंखाच्या टोकाजवळ सरकलं, भोवऱ्यात ओढलं गेलं आणि उलटं होऊन मोठ्याच्या पाठीवरून त्याच्या शेपटीचे उभे पंख तोडत गेलं. वॉकर गेले, एक्सबी-७० चे सहवैमानिक कार्ल क्रॉस गेले. अल व्हाइट तेवढे बाहेर पडून वाचले. इतका निष्णात माणूस फसतो, तर रोजच्या प्रवासी वाहतुकीतल्या वैमानिकाची काय कथा, हा प्रश्न तेव्हाच ऐरणीवर यायला हवा होता. तो आला बोइंग ७४७ मुळे.

जंबो जेटचं पहिलं उड्डाण ९ फेब्रुवारी १९६९ चं. जानेवारी १९७० मध्ये पॅन अ‍ॅमने ते न्यूयॉर्क-लंडन मार्गावर आणलं. एवढं वजन रोज विमानतळावर उतरणार, तर मागच्यांचं काय होणार, या भीतीने आधी घाईघाईत चाचण्या झाल्या आणि मग आकडे ठरले. तोवर रडारवरच्या दोन विमानांमध्ये तीन सागरी मैल ठेवले की काम भागत असे, आणि तेही टक्कर टाळण्यासाठी. आता तीन लाख पौंडांहून जड विमानांचा वेगळा गट पाडला गेला, त्याला ‘हेवी’ म्हटलं गेलं आणि त्याच्या मागून येणाऱ्यासाठी पाच मैल ठरले. तेव्हापासून अशा विमानाचे वैमानिक रेडिओवर आपल्या उड्डाण क्रमांकानंतर ‘हेवी’ म्हणतात. तीन लाख पौंडांची रेघ निसर्गाने ओढलेली नव्हती. ७४७, मोठी ७०७ आणि लांबवलेली डीसी-८ तिच्या वर येत होती, बाकीची खाली राहत होती. आकडा गोल होता आणि वजन प्रत्येक विमानाच्या कागदावर छापलेलं असतं. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने, आयकाओने, जगभरासाठी हलकी, मध्यम आणि जड अशी वर्गवारी केली, तेव्हा जडपणाची सीमा १३६ टन ठरली. आकडा मोठा नेमका वाटतो, पण तो त्याच तीन लाख पौंडांचा किलोग्रॅममधला अवतार आहे.

हा आकडा वाढवायला सगळे कचरतात याला कारण आहे. उतरणाऱ्या विमानाचा वेग ताशी १४० सागरी मैल धरला, तर तीन मैलांच्या अंतराने एका धावपट्टीवर तासाला सेहेचाळीस विमानं उतरू शकतात. पाच मैल ठेवले की अठ्ठावीस. गर्दीच्या विमानतळावर प्रत्येक वाढीव मैल म्हणजे वर घिरट्या घालणारी विमानं, जळणारं इंधन आणि खोळंबलेले प्रवासी. म्हणून फोर्ट वर्थनंतर अमेरिकेने भोवऱ्याला शक्य तितकं जवळून पाहायचं ठरवलं.

उंच मनोऱ्यावर धूर सोडणारी नळकांडी बांधायची आणि त्याच्या वाऱ्याकडच्या बाजूने विमान न्यायचं, म्हणजे वाऱ्याबरोबर सरकत आलेला भोवरा रंगीत धुरात उमटतो, अशा चाचण्या झाल्या. पण खरी धाडसी चाचणी नासाची. १९७४ मध्ये नासाने अमेरिकन एअरलाइन्सकडून एक जुनं ७४७ विकत घेतलं, तेच पुढे स्पेस शटल पाठीवर वाहून नेणारं विमान म्हणून जगभर ओळखलं गेलं. त्याच्या पंखांखाली धूर सोडणारी यंत्रं बसवली. मागे दोन छोटी विमानं, एक लिअरजेट आणि एक टी-३७ नावाचं प्रशिक्षणाचं जेट. त्यांच्या वैमानिकांना काम काय, तर धुराने दाखवलेल्या भोवऱ्यात मुद्दाम शिरायचं आणि काय होतं ते सांगायचं. एकदा टी-३७ मोठ्या विमानापासून तीन मैलांहून मागे असतानाही भोवऱ्याने त्याला गरगर फिरवलं. वैमानिकाने न मागितलेल्या दोन गिरक्या, आणि फिरण्याचा वेग सेकंदाला दोनशे अंश. ज्या तीन मैलांवर आधीची सगळी व्यवस्था उभी होती, ते तीन मैल किती तोकडे आहेत हे या एका गिरकीने दाखवून दिलं. पंखांवरचे स्पॉयलर आणि फ्लॅप वेगवेगळ्या रीतीने उघडून भोवरा कमजोर करता येईल का, हेही तपासलं. जमत होतं, पण प्रवासी विमानाने रोज तसं उतरावं इतकं सोयीचं ते कधीच झालं नाही. भोवरा मोडता येईना, तेव्हा अंतर वाढवणं एवढाच उपाय उरला. सत्तरीच्या मध्यावर सर्वांत हलक्या विमानांसाठी जड विमानामागे सहा मैल झाले.

वजनाच्या रेघेवर उभ्या या इमारतीला तडा दिला तो मात्र जंबोने नाही, एका मध्यम आकाराच्या विमानाने. बोइंग ७५७ हे १९८३ पासून सेवेत होतं. लांब, सडपातळ, दोन इंजिनांचं. कमाल वजन सुमारे ११५ टन, म्हणजे ‘हेवी’च्या रेघेखाली बऱ्यापैकी अंतरावर. नियमानुसार मागच्याला तीन मैल पुरेसे. पण अमेरिकेच्या सागर व वातावरण विज्ञान संस्थेच्या लोकांनी आयडाहोत मनोऱ्यापाशी मोजमापं घेतली तेव्हा ७५७ च्या भोवऱ्यातल्या हवेचा वेग सेकंदाला ३२६ फूट भरला, ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर. इतका वेग तोवर कुठल्याच विमानामागे नोंदला गेला नव्हता, जंबोमागेही नाही.

मोजमापाचा कागद फायलीत होता आणि नियम होता तिथेच होता. १८ डिसेंबर १९९२ रोजी मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज इथे एक सेस्ना सायटेशन ७५७ च्या मागे तीन मैलांहूनही थोडं जवळून, त्याच्या वाटेच्या खालून उतरत होतं. अचानक ते कलंडलं आणि सरळ जमिनीत घुसलं. आठ जण ठार. जवळपास एका वर्षाने, १५ डिसेंबर १९९३ च्या संध्याकाळी, कॅलिफोर्नियातल्या सांता आनाजवळ एक वेस्टविंड जेट ७५७ च्या मागे दोन मैलांवर होतं, तेही त्याच्या वाटेच्या खाली. पाच जण ठार. मधल्या काळात सॉल्ट लेक सिटीत एक छोटं सेस्ना आणि डेन्वरमध्ये चक्क एक बोइंग ७३७ अशाच तडाख्यात सापडलं होतं.

वेस्टविंडचं वजन जेमतेम साडेदहा टन. तरीही अमेरिकेच्या तेव्हाच्या वर्गवारीत ते आणि ११५ टनांचं ७५७ एकाच गटात बसत होती, कारण गटाची खालची सीमा १२,५०० पौंड आणि वरची तीन लाख. आपल्यापेक्षा दहापट जड विमानामागे येणारा आणि आपल्याच वजनाच्या विमानामागे येणारा, दोघांसाठी नियम एकच. शिवाय दोन्ही अपघातांत नियंत्रकाने वैमानिकांना पुढच्या विमानाकडे नजर ठेवून उतरायला सांगितलं होतं. पुढचं विमान ‘दिसतंय’ असं वैमानिक म्हणाला की अंतर राखणं त्याच्या गळ्यात. सांता आनाच्या वैमानिकांना तर पुढचं विमान ७५७ आहे हेही सांगितलं गेलं नव्हतं, कारण तसं सांगायचं बंधनच नव्हतं. एनटीएसबीने वैमानिकांना दोष दिला, ते जास्तच जवळ आणि खाली आले म्हणून, आणि त्यासोबत नियंत्रणाच्या अपुऱ्या पद्धतीवरही बोट ठेवलं. मला यातला पहिला दोष अर्धाच पटतो. विमान दिसतं, भोवरा दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीपासून नजरेने अंतर राखायची जबाबदारी माणसावर टाकायची आणि मग चुकला म्हणून बोल लावायचा, याला काय म्हणावं?

१९९४ मध्ये एफएएने ७५७ मागचं अंतर वाढवलं. १९९६ मध्ये ‘हेवी’ची रेघ तीन लाखांवरून २,५५,००० पौंडांवर आणली आणि हलक्या विमानांची व्याख्या ४१,००० पौंडांपर्यंत ताणली. बिलिंग्ज आणि सांता आना नसते तर यातलं काय झालं असतं, याबद्दल मी तरी आशावादी नाही.

सांता आनानंतरचे दोन मोठे अपघात लोकांच्या लक्षात आहेत ते वेगळ्याच कारणांनी. १९९४ मध्ये पिट्सबर्गजवळ यूएसएअरचं ७३७ पडलं, १३२ जण गेले. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं एअरबस ए३०० क्वीन्समधल्या वस्तीत कोसळलं आणि जमिनीवरचे पाच धरून २६५ जण गेले. दोन्ही विमानांना पुढच्या विमानाचा भोवरा लागला होता, पण त्याने विमान पाडलं नाही. पहिल्यात रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, उलटा फिरला आणि दुसऱ्यात वैमानिकाने रडर इतका जोरात इकडून तिकडे हाणला की शेपटीचा उभा पंखच निखळला. अंतर नियमात होतं. भोवरा इथे निमित्त ठरला.

मग आलं एअरबस ए३८०. उडतानाचं वजन ५६० टनांपर्यंत. १९७० ची भीती पुन्हा जागी झाली, आणि या वेळी आयकाओने आधी सावधगिरी, मग सूट हा क्रम पाळला. २००५ मध्ये, प्रवासी घेऊन उडण्याच्या दोन वर्षं आधीच, मागच्या विमानाने दहा मैल राखावेत अशी सूचना निघाली. मोजमापं होत गेली तशी २००८ पर्यंत ती जड विमानांसाठी सहा, मध्यमसाठी सात आणि हलक्यांसाठी आठ मैलांवर आली. रेडिओवर ‘हेवी’च्या वर ‘सुपर’ हा शब्द आला. मुंबईत ए३८० नियमित येऊ लागलं ते मे २०१४ पासून. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि त्यावर दिवसाला हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाल्याचे दिवस आहेत. त्यातली बहुतेक ए३२० आणि ७३७, एकाच पठडीतली, म्हणून रांग घट्ट राहते. मध्येच एक ‘सुपर’ आलं की मागे मोठं भगदाड पडतं.

आणि तरीही अंतराचा हिशेब विमानतळापुरता नव्हता, हे ७ जानेवारी २०१७ रोजी दिसलं. मालदीवहून निघालेलं एक चॅलेंजर जेट ३४,००० फुटांवरून अरबी समुद्र ओलांडत होतं. त्याच्या बरोबर एक हजार फूट वरून, समोरून, दुबईहून सिडनीला जाणारं ए३८० गेलं. एक मिनिटही झालं नसेल, चॅलेंजर कलंडलं, स्वतःभोवती अनेक गिरक्या घेत सुमारे नऊ हजार फूट खाली आलं. आतली माणसं जखमी झाली. वैमानिकांनी ते सावरलं आणि मस्कतला उतरवलं, पण विमान पुन्हा कधीच उडालं नाही. या समुद्रावरच्या आकाशाचा मोठा पट्टा मुंबईच्या नियंत्रणात येतो. त्या उंचीवरचं उभं अंतर पूर्वी दोन हजार फूट असे. आकाशात जास्त मार्ग बसावेत म्हणून भारतात ते २००३ साली एक हजारावर आणलं. त्या दिवशी दोन्ही विमानं नियमात होती. फक्त नियम करताना, ५०० टनांचा भोवरा संथपणे हजार फूट खाली उतरेल आणि तिथे कुणी असेल, हा विचार पुरता झालेला नव्हता.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत वजनाची ती जुनी रेघ जवळजवळ पुसली गेली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मेम्फिसला, जिथे फेडेक्सची मालवाहू विमानं रात्रभर उतरतात, तिथे सहा गटांची नवी वर्गवारी सुरू झाली. तिच्यात वजनाबरोबर पंखांची लांबी पाहिली जाते आणि पुढचं विमान किती जोराचा भोवरा सोडतं याबरोबरच मागचं किती सोसू शकतं हेही धरलं जातं. युरोपात पॅरिसने २०१६ मध्ये तसंच काही केलं. लंडनच्या हीथ्रोने त्याआधी वर्षभर मैलांऐवजी सेकंद मोजायला सुरुवात केली, कारण समोरून वारा असेल तर तेच पाच मैल कापायला जास्त वेळ लागतो आणि रांग उगाच विरळ होते. २०२० च्या नोव्हेंबरपासून आयकाओच्या नियमांतही सात गट आले. या सुधारणांचा हेतू सुरक्षेइतकाच, खरं तर थोडा अधिकच, जागा वाचवण्याचा आहे. त्यात काही वावगं नाही. शहाणपणाने मोजून जवळ आणणं हे अंदाजाने दूर ठेवण्यापेक्षा बरंच.

पण फोर्ट वर्थच्या अहवालातलं जे वाक्य बोचलं होतं ते अजून जागेवर आहे. अमेरिकेत आजही हवा स्वच्छ असेल आणि वैमानिक ‘पुढचं विमान दिसतंय’ म्हणाला, तर जड विमानामागचे मोजून ठरवलेले मैल बाजूला राहतात आणि अंतराचा भार त्याच्या नजरेवर जातो. ए३८० मागे मात्र नजरेवर सोडायला मनाई आहे. हीच मनाई ‘हेवी’ गटाला लागू करायला काय हरकत आहे, हे मला कधीच कळलेलं नाही. थोडी विमानं कमी उतरतील, इतकंच.